मायोर्का: पोयेन्सा–ल्युक–सोयेर–ओरिएन सायकल फेरी (मार्ग, गिअर, उतार, खाणंपिणं)

घाटमाथा

स्पेनच्या मायोर्का बेटाच्या वायव्य काठाला समांतर सेर्रा दे त्रामुन्ताना ही चुनखडीची डोंगररांग आहे. उतारावरच्या दगडी बांधांमुळे, ऑलिव्हच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांमुळे आणि पाण्याच्या जुन्या पाटांमुळे २०११ साली तिला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. या रांगेवरून जाऊन मागच्या सपाटीवरून परत येणाऱ्या रस्तासायकल फेरीची माहिती इथे एकत्र करू या. युरोपात राहणारे बरेच मराठी सायकलस्वार वसंतात तिकडे जातात आणि तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात.

मार्ग: पोर्ट दे पोयेन्सा (समुद्रकाठ) – पोयेन्सा गाव – फेमेनिया खिंड (५१५ मी) – ल्युक (मठ) – गोर्ग ब्लाउ आणि कुबेर हे दोन तलाव – पुच मजोरचा बोगदा (८५० मीटरच्या जरा वर, फेरीतला सर्वांत उंच बिंदू) – सोयेर – सोयेर खिंड (४९७ मी) – बुन्योला – ओनोर खिंड (५५० मी) – ओरिएन – अलारो – ल्योसेता – सेल्वा – मोस्कारी – कंपानेत – पोयेन्सा – पोर्ट.

अंतर १२० ते १२५ किमी, एकूण चढ २००० मीटरच्या आसपास. समुद्रापर्यंत उतरणारा सा कलोब्राचा फाटा जोडला तर आणखी साधारण २४ किमी आणि ८०० मीटर चढ.

चार मोठे चढ असे:

फेमेनिया: पोयेन्सा सोडल्यावर थोडी सपाटी, मग साडेसात किमी, सरासरी साडेपाच टक्के. अंग मोकळं करायला उत्तम.

ल्युक ते पुच मजोर: हा एकसलग चढ नाही. वर जातो, थोडा उतरतो, पुन्हा वर जातो. वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो आणि नियोजनात हाच तुकडा हमखास विसरला जातो.

सोयेर खिंड: साडेसात किमी, सरासरी सहा टक्के, वीसहून अधिक वळणं. १९९७ साली खालून बोगदा झाल्यापासून मोटारी तिकडून जातात आणि वरचा जुना घाट (मा-११ए) जवळजवळ सायकलींचाच झाला आहे.

ओनोर खिंड: बुन्योलाहून साडेपाच किमी, सहा टक्क्यांच्या आसपास. आकडा छोटा आहे, पण ८० किमी झाल्यावर समोर येतो.

माझं ठाम मत: ही फेरी पायांवर कमी आणि क्रमावर जास्त अवलंबून आहे. कुठे किती वाजता असाल आणि सा कलोब्रा त्याच दिवशी करायचं की नाही, एवढं आधी ठरवलं की बाकीचं जमतं. फेरी घड्याळाच्या उलट दिशेनं, म्हणजे आधी डोंगर आणि मग सपाटी अशी करावी.

---

स्पोकवाला

धागा वाचनखूण केला. दिशेबद्दल शंभर टक्के सहमत. त्यामागची कारणं लिहितो, म्हणजे परिस्थिती बदलली तर निर्णय बदलता येईल.

एक, स्पेनमध्ये वाहतूक उजवीकडून. पोयेन्साहून सोयेरकडे जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो, म्हणजे दरीची बाजू आपली. थांबायच्या जागा रस्ता न ओलांडता मिळतात.

दोन, उन्हाचा प्रश्न. उलट गेलं तर सोयेरहून पुच मजोरचा १४ किमीचा सहा टक्क्यांचा सलग चढ भर दुपारी पडतो. त्या चढाच्या वरच्या अर्ध्या भागात झाडं फार कमी आहेत.

तीन, वारा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी जमीन तापली की दुपारी समुद्रावरून वारा आत शिरतो. आल्कुदियाच्या उपसागराकडून तो ईशान्येचा असतो, म्हणजे कंपानेतहून पोर्टकडे येताना थेट तोंडावर. आपल्या दिशेत हा एकच तोटा आहे. शेवटचे २५–३० किमी सपाट आहेत म्हणून ताशी ३० नं येऊ असा हिशोब धरू नका. २२–२४ धरा आणि आळीपाळीनं पुढे राहा.

त्रामुन्ताना नावाचा उत्तरेचा वारा वेगळा. तो जोरात असला की गोर्ग ब्लाउ आणि कुबेरजवळच्या उघड्या पट्ट्यात झोत आडवे येतात. उंच कडांची कार्बन चाकं त्या दिवशी नकोत. भाड्याच्या सायकलीला तीच असतील तर फेरी दुसऱ्या दिवशी ढकला आणि सपाटीवरच्या गावांत जा.

---

केपी_ठाणे

गिअर काय लागतील? इथे पुढे ५२/३६ दातांची चक्रं आणि मागे ११-२८ वापरतो. सा कलोब्रा धरून सांगा.

---

स्पोकवाला

केपी, ५२/३६ आणि २८ नं चढता येतं, पण चार मोठे चढ असलेल्या दिवशी ते महागात पडतं. हिशोब करून बघा. ७०० × २८ टायरचा परीघ सुमारे २.१४ मीटर. पेडलच्या मिनिटाला ७० फेऱ्या धरल्या तर:

३६/२८ : ताशी साडेअकरा किमी
३४/२८ : ताशी ११ किमीच्या जरा खाली
३४/३२ : ताशी साडेनऊ
३४/३४ : ताशी ९

सा कलोब्राची सरासरी सात टक्के. स्वार ७५ किलो, सायकल-बाटल्या-सामान मिळून ९ किलो धरलं तर ३४/३२ वर ७० फेऱ्या टिकवायला साधारण १७० ते १७५ वॅट लागतात, ३६/२८ वर २१० च्या आसपास. तासभर २१० वॅट देता येणारे खूप आहेत. पण दिवसाच्या तिसऱ्या चढावर तेच २१० देता येणारे फार थोडे. ते जमलं नाही की फेऱ्या ५०–५५ वर येतात, सगळा भार गुडघ्यावर जातो आणि ओनोरच्या खिंडीत मांडीत गोळे येतात.

म्हणून पुढे ५०/३४, मागे ११-३२ किंवा ११-३४. भाड्यानं घेताना हे लेखी विचारा. ‘कॉम्पॅक्ट’ (पुढे ५०/३४) एवढंच सांगून मागे २८ ची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) निघू शकते. स्वतःच्या सायकलीला मोठी कॅसेट बसवणार असाल तर मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) किती दातांपर्यंत चालतो ते आधी पाहा. छोट्या पिंजऱ्याच्या जुन्या डिरेलरला ३२ किंवा ३४ चालत नाही. साखळीची लांबीही मोठ्या-मोठ्या जोडीवर तपासा, नाहीतर चुकून तो गिअर पडला की डिरेलर उखडतो.

---

शेवंता

भाड्याच्या सायकलीबद्दल माझ्याकडून भर. भारतातून किंवा इंग्लंडमधून जाणाऱ्यांनी नीट वाचा.

ब्रेक: आपल्याकडे सहसा उजवा हात पुढचा ब्रेक. युरोप खंडात उलट, डावा हात पुढचा. फेमेनियाच्या पलीकडे उतारावर हे लक्षात येणं धोक्याचं. दुकानातच सांगा, बदलून देतात. केबलचे ब्रेक असतील तर दहा मिनिटांचं काम. हायड्रॉलिक असतील तर नळ्या बदलून तेल भरावं लागतं, म्हणून आरक्षण करतानाच कळवा. बदलून नाही मिळाले तर पहिला दिवस सपाटीवर घालवा आणि हातांना सवय लावा.

पेडल: स्वतःची न्या. काढायला ६ किंवा ८ मिमीची अॅलन की, काहींना १५ मिमीचा पाना. डाव्या पेडलचे आटे उलटे. बुटाखालच्या पट्ट्या शिमानो एसपीडी-एसएल आणि लुक केओ एकमेकांत बसत नाहीत, दिसायला कितीही सारख्या असल्या तरी.

मापं: घरच्या सायकलीवर मोजून कागदावर लिहून न्या. पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची, सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि सीट व हँडलच्या उंचीतला फरक. या तीन आकड्यांवर दुकानदार पंधरा मिनिटांत सायकल जुळवून देतो.

ट्यूब: दोन सुट्या. चाकाची कड खोल असेल तर ४८ मिमीचा व्हॉल्व बाहेर येतच नाही, ६० किंवा ८० लागतो. सायकल ताब्यात घेताना पंप लावून बघा.

दाब: २८ मिमी टायरला ७५ किलोच्या स्वारासाठी मागे ७० ते ७५ पीएसआय, पुढे पाचेक कमी. हुकलेस रिम (टायर अडकवायची आतली कड नसलेली) असेल तर ७२.५ ची मर्यादा ओलांडायची नाही, ती रिमवर लिहिलेली असते.

आणि मार्च ते मे मध्ये जाणार असाल तर सायकल आधीच आरक्षित करा. मधली मापं (५४, ५६) सगळ्यात आधी संपतात.

---

आंबेनळी

सा कलोब्रा त्याच फेरीत घ्यावं का? अंतराच्या मानानं २४ किमी म्हणजे काहीच वाटत नाही.

---

घाटमाथा

आंबेनळी, तिथेच फसगत होते. मुख्य रस्त्यावर जुन्या जलसेतूच्या कमानींपाशी फाटा लागतो. तिथून सुमारे दोन किमी चढून रेइस खिंड (६८२ मी), मग साडेनऊ किमी खाली समुद्रापर्यंत. परत यायला दुसरा रस्ता नाही. आधी उतार, मग चढ, असा हा उलटा घाट आहे, आणि चढ संपल्यावरही पुच मजोर बाकीच असतो.

वेळ मांडून बघा. साडेसातला पोर्टहून निघालात तर साधारण पावणेदहाला फाट्यावर. सव्वादहाच्या पुढे खाली. पर्यटकांच्या मोठ्या बसगाड्या दहानंतरच वाढतात आणि रस्ता इतका अरुंद की वळणावर बस आली की सगळ्यांनी थांबायचं. खाली पंधरा मिनिटं, वर यायला तास-सव्वातास. म्हणजे पुन्हा फाट्यावर येईपर्यंत बारा. पुच मजोर एक वाजता, सोयेर दीड, पावणेदोन. पुढे अजून ६५ किमी आणि दोन खिंडी. पोर्टला साडेपाच-सहा. एप्रिलच्या मध्याला सूर्योदय सव्वासातच्या सुमारास आणि सूर्यास्त आठनंतर, तेव्हा उजेडात बसतं. ऑक्टोबरात सूर्योदयच आठच्या आसपास होतो आणि दिवस सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा बसत नाही.

माझा सल्ला: सा कलोब्रा वेगळ्या दिवशी करा. पोर्ट–ल्युक–सा कलोब्रा–ल्युक–काइमारी–सेल्वा–कंपानेत–पोर्ट. मोठी फेरी त्याशिवाय करा आणि ओरिएनच्या दरीला वेळ द्या.

रस्ता म्हणून सा कलोब्रा बघण्यासारखाच आहे. आंतोनिओ पारिएती या अभियंत्यानं १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बांधला. बोगदा न खणता डोंगराच्या उताराशी जुळवून घेत नेला आहे. वरच्या भागात रस्ता पूर्ण वळसा घेऊन स्वतःच्याच पुलाखालून जातो. त्या वळणाला तिथे टायची गाठ म्हणतात, आणि वरून बघितलं की नाव पटतं. खालून साधारण दोन किमीवर दोन कड्यांच्या फटीतून जेमतेम एका गाडीची वाट आहे. तिथे पलीकडचं काही दिसत नाही. खाली जाताना वेग आधीच कमी करा आणि आवाज द्या.

---

ऱ्हाइनकाठ

उतारांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण या फेरीत लोक पडतात ते चढावर नाही.

आधी उष्णता. ८४ किलोचं एकूण वजन ६७० मीटर खाली आणायचं म्हणजे साडेपाच लाख ज्यूल कुठेतरी जायला हवेत. वेगात असाल तर मोठा वाटा हवा घेते. सतत ब्रेक धरून ताशी २० नं उतरलात तर जवळजवळ सगळं ब्रेकमध्ये जातं. घाबरून ब्रेक धरून ठेवणाऱ्याचेच ब्रेक जास्त तापतात ते यामुळे. सरळ भागात सोडायचं, वळणाआधी दोन्ही ब्रेक एकदम जोरात, सायकल सरळ उभी असतानाच, आणि वळणात शिरण्यापूर्वी सोडून द्यायचे.

रिम ब्रेक आणि कार्बन रिम ही जोडी इथे आणू नका. तापून रेझिन मऊ होतं आणि टायरच्या दाबानं कड बाहेर फाकते. टीपीयूच्या (एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) हलक्या गुलाबी-नारिंगी ट्यूबही रिम ब्रेकवर नकोत, काही उत्पादक स्वतःच तसं सांगतात. डिस्कचे पॅड नवे असतील तर आधी सपाटीवर बसवून घ्या: ताशी ३० वरून दहापर्यंत, वीसेक वेळा, पूर्ण न थांबता. हे न करता घाटात शिरलं की पॅडवर काचेसारखा थर येतो, ब्रेक किंचाळतात आणि पकड जाते.

वळणं: उजवीकडून वाहतूक असल्यामुळे उजवी वळणं आपल्याला आतून, आखूड आणि तीव्र मिळतात. डावी रुंद मिळतात. आपली सवय नेमकी उलटी. उतरताना उजव्या वळणात बाहेर फेकले गेलात तर समोरच्या गाडीच्या वाटेत जाता. चढताना उजव्या वळणाची आतली कड टाळा, तिथे दोन-तीन मीटर पंधरा टक्क्यांच्या वर जातात. मागे कोणी नाही बघून लेनच्या मध्यातून वळा.

पुच मजोरच्या बोगद्यापाशी तीन गोष्टी क्रमानं: बोगद्याच्या आधी थांबून वाऱ्याचं जाकीट चढवा, काळा चष्मा काढा, पुढचा-मागचा दिवा लावा. लगेच पलीकडे १४ किमीचा उतार सुरू होतो आणि तिथे एका हातानं जाकिटाची चेन ओढत बसायला जागा नाही. समुद्रकाठाच्या मानानं हवा पाच-सहा अंशांनी थंड असते, त्यात घाम आणि वेग. बोटं बधिर झाली की ब्रेक लागत नाही. मार्चमध्ये पूर्ण बोटांचे हातमोजे न्याच.

चुनखडीच्या खडीचा डांबर गुळगुळीत होतो. कोरडा असताना उत्तम, पहिल्या शिडकाव्यात साबणासारखा. झाडीतल्या वळणांवर पाइनच्या सुया. शेळ्या-मेंढ्या रस्त्यावर असतातच, विशेषतः ल्युक ते कुबेर. एक ओलांडून गेली की तिच्यामागे दुसरी येणार हे धरूनच चाला.

---

शेवंता

ऱ्हाइनकाठ, सोयेरचे ट्रामचे रूळ राहिले. हे चित्र डोळ्यासमोर आणा: डोंगरावरून उतरून गावात शिरलात, गल्ली अरुंद, मग एकदम चौक उघडतो. समोर संत बार्तोमेउचं देऊळ, झाडांखाली खुर्च्या-टेबलं, आणि त्या खुर्च्यांना घासून जाणारे रूळ. ट्राम १९१३ पासून चालू आहे आणि ती चौकातूनच जाते. रुळाची खाच २८ च्या टायरला आत ओढून घेण्याइतकी रुंद आहे. शक्यतो काटकोनात ओलांडा, ओले असतील तर उतरून चालत जा. बंदराकडे (पोर्ट दे सोयेर) जाणार असाल तर रूळ बराच वेळ रस्त्याच्या बाजूबाजूनं येतात, त्यांच्या आणि कठड्याच्या मधे शिरू नका.

आणि तिथे थांबलाच आहात तर देवळाचा दर्शनी भाग बघून घ्या. तो आणि शेजारची बँकेची इमारत दोन्ही जोआन रुबिओ या गौदीच्या शिष्याची. संत्र्यांच्या व्यापारात या गावानं फ्रान्सशी थेट संबंध ठेवले, बाकी बेटाशी डोंगरामुळे तुटलेलं. पाल्माला जाणारी लाकडी डब्यांची रेल्वे १९१२ साली आली तेव्हा ती अडचण दूर झाली. सोयेरची खिंड आपल्याला मात्र चढूनच जायची आहे.

---

केपी_ठाणे

गिअरचं पटलं, कॅसेट बदलतो. आता खाण्यापिण्याचं सांगा. शाकाहारी आहे, अंडंही नाही.

---

शेवंता

केपी, पहिलं म्हणजे एन्साइमादा टाळा. ती चक्राकार गोड पाव प्रत्येक बेकरीत असते आणि पिठीसाखर भुरभुरलेली निरागस दिसते, पण तिचे पापुद्रे डुकराच्या चरबीनं सुटतात. पालेभाजी घातलेली सपाट कोका चालेल असं वाटतं, पण तिच्याही पिठात चरबी असू शकते, विचारून घ्या. सोब्रासादा हे डुकराच्या मांसाचं लाल सॉसेज आहे, ते पावावर लावूनही देतात.

चालणारं: पा अंब ओली, म्हणजे जाड गावठी पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल आणि मीठ. वर चीज मागा, ‘सेन्से कार्न’ (मांस नको) सांगा. सोयेरला ताज्या संत्र्याचा रस. बदामाच्या केकमध्ये (गातो) अंडं असतं, म्हणून तुमच्यासाठी नाही. सुके अंजीर, केळी आणि बदाम सगळीकडे.

हिशोब तासाला ६० ग्रॅम कर्बोदकांचा ठेवा, सवय असेल तर ८०–९०. मोठं केळं २५ ग्रॅम, एक मोठा मेजूल खजूर १८ च्या आसपास. चिक्की नेलीत तर राजगिऱ्याची न्या, शेंगदाण्याची चढावर जड जाते कारण स्निग्धांश जास्त. सात तास सायकलीवर असाल तर किमान ४२० ग्रॅम, त्यातला निम्मा खिशात घेऊन निघा.

थांबे कुठे: पहिला ल्युकजवळ. मठाच्या आवारात पाणी मिळतं. काइमारीकडे वळणाऱ्या रस्त्यावरच्या बताया खिंडीत (५७६ मी) पेट्रोलपंपाशेजारी सायकलवाल्यांचा नेहमीचा अड्डा आहे. मग थेट सोयेर. मधे जलसेतूपाशी टपरी आहे, पण ती उघडी असेल यावर विसंबू नका. त्या ३५ किमीसाठी दोन ७५० मिलीच्या बाटल्या भरून निघा. त्यानंतर बुन्योला, अलारो. ‘नो पोताब्ले’ लिहिलेल्या नळाचं पाणी पिऊ नका.

जेवणाची स्वयंपाकघरं दुपारी साधारण साडेतीन-चारला बंद होतात आणि संध्याकाळी उशिरा उघडतात. रविवारी बरीच किराणा दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी खरेदी उरकून घ्या.

---

आंबेनळी

इकडे सराव कशावर करावा? मे मध्ये जायचा विचार पक्का होतोय.

---

घाटमाथा

पुण्याजवळ असाल तर सिंहगड. गोळेवाडी नाक्यापासून वर सुमारे नऊ किमी, म्हणजे लांबी सा कलोब्राइतकीच. चढ मात्र जास्त खडबडीत, कुठे एकदम उभा, कुठे सैल. मायोर्काचे चढ एकसारखे असतात. सिंहगड नीट चढणाऱ्याला तिथे तीव्रतेचा त्रास होत नाही, सलगपणाचा होतो. म्हणून वाई–पाचगणी पसरणी घाट जास्त उपयोगी: बारा-एक किमी, पाच टक्क्यांच्या आत, एका लयीत. फेमेनियाची ती उत्तम तालीम. आणि ज्यांना जमेल त्यांनी पोलादपूर–महाबळेश्वर आंबेनळी (तुमच्या नावातच आहे), जवळपास ४० किमीचा रस्ता. तो पार पडला की पुच मजोरची भीती उरत नाही.

सरावात एक गोष्ट आवर्जून करा: एकाच दिवशी तीन चढ, आणि तिसऱ्याला पहिल्याइतकाच वेळ. पहिला मुद्दाम सावकाश चढायची शिस्त घरीच लागते. मायोर्कात फेमेनियावर पन्नास जण ओलांडून जातील. जाऊ द्या.

---

तळेगावकर

नकाशाच्या फाइलबद्दल कोणी लिहिलं नाही. आपोआप मार्ग आखणारी अॅप्स सोयेरहून बुन्योलाला कधीकधी बोगद्यातून (मा-११) नेतात. बोगद्यात सायकलींना बंदी आहे. आखलेल्या मार्गात मा-११ए आहे ना ते घरीच बघा. दुसरं, कंपानेतच्या पुढे अॅप कच्च्या शेतवाटेवर टाकतं. कंपानेतच्या गुहांजवळून जाणारा डांबरी शेतरस्ता निवडा, तो अरुंद असला तरी चांगला आहे आणि मोठ्या रस्त्याची वाहतूक टळते. तिसरं, बुन्योलाच्या गल्ल्या एकेरी आहेत, तिथे यंत्रापेक्षा पाट्या बघा. ओरिएनची पाटी स्पष्ट आहे.

नियम थोडक्यात: गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं. कानात इयरफोन बेकायदा, एका कानातही. बोगद्यात दिवे हवेत. दोघं शेजारी शेजारी चालवू शकतात, पण वळणावर आणि मागे रांग लागली की एकेरी व्हा. गाडीवाल्यांनी ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे आणि तिथे तो बहुतेक पाळला जातो. चौकातल्या चक्राला आपल्या उलट, घड्याळाच्या विरुद्ध दिशेनं वळसा घालायचा. गटानं शिरलात तर पहिला शिरल्यावर अख्खा गट एकच वाहन मानला जातो.

---

ऱ्हाइनकाठ

एप्रिलच्या शेवटाला जाणार असाल तर मायोर्का ३१२ ही मोठी सामूहिक राइड असते, प्लाया दे मुरोहून सुटते. त्या दिवशी डोंगरातला मुख्य रस्ता काही तास बंद ठेवतात. तारीख बघूनच फेरीचा दिवस ठरवा. आदल्या आठवड्यात भाड्याच्या सायकली आणि खोल्या दोन्ही मिळणं कठीण.

जुलै-ऑगस्टमध्ये ही फेरी करू नये असं माझं मत. तीसच्या वरचं तापमान आणि रस्त्यावर भाड्याच्या मोटारींची गर्दी, दोन्ही मिळून मजा राहत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत सपाटीवर बदाम फुलतात, तो काळ सुंदर, पण पुच मजोरजवळ सकाळी बर्फाचा थर असू शकतो, तेव्हा सेल्वा-कंपानेतकडची गावं धरा.

---

केपी_ठाणे

मधेच अडलं तर? पाऊस, साखळी तुटली, कोणी आजारी. परतीचा रस्ता काय?

---

तळेगावकर

केपी, या फेरीत सुटण्याची दोन दारं आहेत आणि मधे एक लांब बंद पट्टा.

पहिलं दार ल्युक. आकाश भरून आलं असेल तर इथेच निर्णय घ्या. बताया खिंडीतून काइमारीला आठ किमीचा सोपा उतार, पुढे सेल्वा, मोस्कारी, कंपानेत करत पोर्ट. एकूण साठेक किमीची फेरी होते. पहिल्या दिवसासाठीही मी हीच सुचवीन. खालीच इंका गाव, तिथे सरकारी रुग्णालय आणि पाल्माला जाणारी रेल्वे.

ल्युक ते सोयेर या पट्ट्यात दुसरा उतरता रस्ता नाही. सा कलोब्राचा फाटा समुद्रात जाऊन संपतो. तिथून पोर्ट दे सोयेरला बोट आहे, पण समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, आणि नेमकं वाईट हवेतच तिची गरज पडते. फोनला काही दऱ्यांत रेंज नसते.

दुसरं दार सोयेर. थकलेल्यानं इथे टॅक्सी बघावी. मोठी टॅक्सी आधी सांगून मागवावी लागते, चौकात उभी असेलच असं नाही. लांब पल्ल्याच्या बसमध्ये सायकली मोजक्याच घेतात. दोघांपेक्षा जास्त असाल तर तो विचार सोडा.

अवजारं माणशी: दोन ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप (गॅसच्या नळकांड्या विमानात नेण्याऐवजी तिथेच घ्या), साखळीतोड असलेलं मल्टिटूल, आपल्या साखळीच्या गिअरसंख्येची जोडकडी. ११ ची कडी १२ ला चालत नाही. टायरची बाजू दगडानं कापली तर आतून लावायला जाड पट्टी, ती नसेल तर एनर्जी बारचं दुमडलेलं वेष्टण घरी पोचवतं. डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला जोडणारा तुकडा) विमानप्रवासात वाकतो, म्हणून सायकल सोबत नेणाऱ्यांनी डिरेलर सोडवून फ्रेमच्या आत बांधावा आणि आपल्या फ्रेमचा सुटा हँगर जवळ ठेवावा. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, तिथल्या दुकानात मिळेलच असं नाही.

आणीबाणीला ११२. जर्मनीत सरकारी आरोग्यविमा असलेल्यांच्या कार्डाच्या मागच्या बाजूलाच युरोपीय आरोग्यकार्ड असतं, ते खिशात ठेवा. भारतातून जाणाऱ्यांनी प्रवासविम्यात सायकलिंग वगळलेलं नाही ना हे कलम वाचून घ्यावं. हेलिकॉप्टरनं सोडवण्याचा खर्च धरलेला आहे का तेही विचारा.

---

आंबेनळी

सगळ्यांचे आभार. एकच राहिलं: गावं बघायला कुठे वेळ काढावा? निव्वळ पेडल मारून यायचं नाही.

---

शेवंता

आंबेनळी, तीन जागा, तिन्ही वाटेवरच.

ल्युकचा मठ मुख्य रस्त्यापासून थोडा आत. तेराव्या शतकापासूनचं तीर्थस्थान, काळ्या मेरीची मूर्ती, आणि १५३१ पासून चालत आलेलं मुलांचं गायनवृंद, एल्स ब्लाउएत्स. बाटल्या भरायच्या असतातच, अर्धा तास जास्त द्या. बुटाच्या पट्ट्यांवर रबरी टोप्या चढवा, फरशी घासून गुळगुळीत झालेली आहे.

फोर्नालुच: पुच मजोरहून उतरताना सरळ सोयेरला न जाता डावीकडच्या फाट्यानं या गावातून खाली उतरता येतं. दगडी घरं, पायऱ्यांच्या गल्ल्या, भोवती संत्र्याच्या बागा. अंतरात फारसा फरक पडत नाही. रस्ता अरुंद आणि उतार तीव्र, म्हणून ब्रेक गार होऊ द्या आणि मगच वळा.

पोयेन्सा: हे फेरी संपल्यावर ठेवा. कॅल्व्हरीच्या टेकडीवर जाणाऱ्या ३६५ पायऱ्या सायकलीच्या बुटांत चढू नका, संध्याकाळी साध्या चपलांत जा. रविवारी सकाळी चौकात बाजार भरतो, त्या वेळी गावातून सायकल नेता येत नाही. मोठी फेरी रविवारी असेल तर पोर्टहून निघून बाहेरच्या रस्त्यानं थेट फेमेनियाकडे वळा.

आल्कुदिया मात्र या फेरीत कोंबू नका. मध्ययुगीन तटबंदी आणि शेजारचे पोलेन्तिया या रोमन शहराचे अवशेष निवांत बघायचे आहेत. पोर्टहून दहा-एक किमी, समुद्राकाठानं सपाट. मोठ्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी पाय मोकळे करायला तेवढंच अंतर हवं असतं.